रोगचा स्नीक अटॅक दुसऱ्याच्या टर्नवर परत लागतो का? (५वी एडिशन)

म्हापशाचा_डीएम

मंडळी, एक वाद मिटवून द्या. आम्ही पाच जण दर रविवारी दुपारी म्हापशात बसतो, डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून टेबलावर खेळायचा पात्रांचा खेळ) ५वी एडिशन, पुस्तकं २०१४चीच. २०२४चं नवीन प्लेयर्स हँडबुक एकानेच घेतलंय आणि ते तो फक्त वाद घालायलाच उघडतो. मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा. पार्टी ५व्या लेव्हलची, रोग (लपूनछपून मारणारा), बॅटल मास्टर फायटर (डावपेचवाला लढवय्या), क्लेरिक (पुजारीण), विझर्ड (जादूगार).

झालं असं की पुलावर एक ओगर (धिप्पाड राक्षस) आणि चार गॉब्लिन (छोटे राक्षस). रोगने आपल्या टर्नला रेपियरने ओगरला मारलं, क्लेरिक ओगरला चिकटून उभी होती म्हणून स्नीक अटॅकचे (रोगच्या जादा डॅमेजचे) ३डी६, म्हणजे सहा बाजूंचे तीन फासे, लागले, इथपर्यंत कुणाची तक्रार नाही. मग ओगरची टर्न आली, तो निघाला विझर्डकडे, रोगच्या रीचमधून (शस्त्र पोचतं त्या अंतरातून) बाहेर पडला, रोग म्हणाला अपॉर्च्युनिटी अटॅक (निसटणाऱ्याला मारायचा फटका). बरं बाबा मार. फासा लागला आणि ह्याने परत तीन डी६ उचलले! मी म्हटलं अरे थांब, एका राउंडला एकदाच ना? तर म्हणे राउंडला नाही, टर्नला एकदा, आणि ही माझी टर्न नाहीच्चे, ओगरची आहे, म्हणजे ही वेगळी टर्न. फायटरवाला लगेच तापला, म्हणे मी दोन हातांची तलवार घेऊन दोनदा मारतो तेव्हा जेवढं होतं तेवढं हा एका टोचणीत करतो आणि आता फुकटात दुसऱ्यांदा पण करणार. तेवढ्यात लाईट गेली, पाऊस असा की मॅपवरचे चौकोन दिसेनात, आणि डिचोलीवाल्याला शेवटची बस पकडायची होती म्हणून सगळं जसंच्या तसं ठेवून उठलो. पुढच्या रविवारी तिथूनच चालू करायचंय, ओगर अजून उभा आहे.

तर १) दुसऱ्याच्या टर्नवर स्नीक अटॅक परत मिळतो का, आणि २) मिळत असेल तर मी घरचा रूल लावून बंद करावा का? फायटरवाल्याचं तोंड बघवत नाही.

---

फोंड्याचा_रूल्सवकील

मिळतो. तुमचा रोग बरोबर बोलतोय. पुस्तकात ‘टर्नला एकदा’ असं लिहिलंय आणि ५व्या एडिशनमध्ये टर्न आणि राउंड ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, राउंड म्हणजे सगळ्यांच्या टर्न मिळून साधारण सहा सेकंद. ज्या गोष्टी फक्त स्वतःच्या टर्नला चालतात तिथे तसं स्पष्ट लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ फायटरचा एक्स्ट्रा अटॅक, तो ‘तुमच्या टर्नवर अटॅक ॲक्शन घेतली तर’ असा आहे. स्नीक अटॅकला ‘तुमच्या’ हा शब्दच नाही. म्हणून ओगरच्या टर्नला एक, गॉब्लिनच्या टर्नला एक, कागदावर तरी असं होऊ शकतं.

पण लगाम दुसरीकडे आहे. दुसऱ्याच्या टर्नला मारायचं तर रिअ‍ॅक्शन लागते आणि रिअ‍ॅक्शन एकच असते, ती वापरली की स्वतःची पुढची टर्न सुरू होईपर्यंत परत मिळत नाही. म्हणजे राउंडला फार तर दोन स्नीक अटॅक, एक आपल्या टर्नला, एक रिअ‍ॅक्शनने. शिवाय ती रिअ‍ॅक्शन गेली की अनकॅनी डॉज पण गेला, जो रोगला नेमका ५व्या लेव्हललाच मिळतो आणि अंगावर आलेलं डॅमेज अर्ध करतो. ओगरचा सोटा २डी८+४ चा असतो. त्यामुळे फुकटात वगैरे काही नाही.

आणि महत्त्वाचं, दुसऱ्या वेळेला सगळ्या अटी परत तपासायच्या, पहिल्यांदा लागला म्हणून दुसऱ्यांदा आपोआप लागत नाही. शस्त्र फिनेस (रेपियरसारखं चपळाईने चालवायचं) किंवा रेंज्ड (लांबून मारायचं) हवं. मग एक तर ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा धरायचा) हवा, नाहीतर टार्गेटचा दुसरा कुणी शत्रू टार्गेटपासून ५ फुटांच्या आत हवा, तो इनकपॅसिटेटेड (काहीच करू न शकणारा) नको आणि तुम्हाला डिसॲडव्हांटेज (दोनांतला छोटा धरायचा) नको. बेशुद्ध पडलेली क्लेरिक बाजूला पडली असेल तर ती मोजत नाहीत. विझर्डचं घुबड मात्र मोजतात, फॅमिलियर (जादूने बोलावलेला सोबती प्राणी) असलं तरी ते ओगरचं शत्रूच.

---

मडगांवकर_३पॉइंट५

आमच्या वेळी हे लाड नव्हते. ३.५ मध्ये, म्हणजे जुन्या एडिशनमध्ये, फ्लँकिंग म्हणजे बरोबर समोरासमोर दोन बाजूंनी उभं राहायला लागायचं, नाहीतर समोरच्याचा डेक्सटेरिटी बोनस गेलेला असायला लागायचा, आणि सांगाडे, गोलेम (जादूचे पुतळे), ऊझ (चिकट लगद्याचे प्राणी) ह्यांच्यावर तर स्नीक अटॅक चालायचाच नाही, अख्ख्या थडग्यातल्या मोहिमेत रोग नुसता कुलुपं उघडत बसायचा. उलट एकदा फ्लँक मिळाला की मग प्रत्येक फटक्याला डी६ मिळायचे, दोन हातात दोन हत्यारं घेऊन चार चार वेळा. ते विसरून कुणी ५व्याच्या रोगला जास्त म्हणू नका.

तरी पण माझ्या टेबलवर मी राउंडला एकदाच देतो. टर्न नि राउंडचा हा कीस काढायला लागलं की खेळ बाजूला राहतो. पोरांना सांगितलंय, पटत नसेल तर तुम्ही डीएम व्हा.

---

काजूबी_गॉब्लिन

@मडगांवकर_३पॉइंट५ तुमच्या टेबलवर रोग कोण घेतो मग?

---

मडगांवकर_३पॉइंट५

कोणी नाही. दोन पॅलाडिन आणि एक ड्रुइड आहे.

---

गणिताची_बाई

मी फायटरवाल्याच्या तक्रारीवर बोलते, कारण हे प्रत्येक टेबलवर होतं आणि आकडे कुणी मांडत नाही. ५व्या लेव्हलला दोघांचाही मुख्य मॉडिफायर (फाशात मिळवायचा आकडा) +४ धरा. रोगचा रेपियर १डी८+४ म्हणजे सरासरी ८.५, त्यात ३डी६ चे १०.५, एकूण १९. फायटरची ग्रेटस्वोर्ड २डी६+४ म्हणजे ११, दोनदा लागली तर २२. म्हणजे साध्या टर्नला फायटर पुढेच आहे, आणि त्यात ॲक्शन सर्ज (फायटरची जादा ॲक्शन) धरलेलाच नाही. वर फायटरचा एक फटका चुकला तरी दुसरा असतो, रोगचा एकच फटका, तो चुकला की अख्ख्या टर्नचं शून्य. डोळ्यात भरतं ते मूठभर फासे एकदम टाकल्यामुळे, बाकी काही नाही.

म्हणून तर शहाणे रोग दोन शॉर्टस्वोर्ड घेतात. लागायची शक्यता ६०% असेल तर दोन प्रयत्नांत किमान एक लागण्याची ८४% होते, आणि स्नीक अटॅक जो लागेल त्याच्यावर लावायचा, पहिला चुकला तर दुसऱ्यावर. मात्र त्यात बोनस ॲक्शन जाते, मग त्या टर्नला कनिंग ॲक्शनने सटकता येत नाही, लपता येत नाही.

आता तुमच्या फायटरसाठी. तो बॅटल मास्टर आहे ना? कमांडर्स स्ट्राइक ही मॅन्यूव्हर (बॅटल मास्टरचा डावपेच) घेतली आहे का विचारा. स्वतःच्या दोन फटक्यांपैकी एक सोडायचा, बोनस ॲक्शन आणि एक सुपिरिऑरिटी डाय (त्या डावपेचांसाठीचा फासा) खर्चायचा, आणि साथीदार त्याच्या रिअ‍ॅक्शनने लगेच एक वेपन अटॅक करतो, वर तो डी८ डॅमेजमध्ये मिळतो. आता बघा. फायटरने ११ सोडले. रोगने फायटरच्या टर्नला मारलं, ती रोगच्या दृष्टीने वेगळी टर्न, म्हणजे स्नीक अटॅक परत. ८.५ + १०.५ + डी८ चे ४.५ = २३.५. ११ देऊन २३.५ घेतले. तुम्ही ‘राउंडला एकदाच’ केलंत तर ही मॅन्यूव्हर निम्मी मेली आणि नुकसान रोगइतकंच फायटरचं. हे त्याला सांगा आणि मग त्याचं तोंड बघा.

---

म्हापशाचा_डीएम

बाई, तुम्हाला एक रस ऑम्लेट लागू. त्याला रात्रीच फोन केला, आता तोच म्हणतोय नियम आहे तसाच राहू दे. मॅन्यूव्हर त्याच्याकडे आहे, दोन महिने वापरलेलीच नाही.

आता फक्त एक शंका, रूल्सवकिलांनी म्हटलं की अटी परत तपासायच्या. नेमकी कुठल्या क्षणी तपासायच्या? ओगर निघाला तेव्हा क्लेरिक बाजूला होती, पण रोगने मारलं तोवर तो जरा सरकलेला होता.

---

फोंड्याचा_रूल्सवकील

आता खरा प्रश्न आला. चौकोन सांगा. कोण कुठे होतं?

---

म्हापशाचा_डीएम

आमच्याकडे मिनिएचर नाहीत, गॉब्लिनच्या जागी सालासकट काजूच्या बिया आणि ओगर म्हणजे फेणीच्या बाटलीचं बूच. बूच चार चौकोनांच्या मधोमध ठेवतो. पूल दक्षिणोत्तर. रोग ओगरच्या पूर्वेला, वरच्या ओळीच्या बरोबरीने. क्लेरिक खाली नैर्ऋत्य कोपऱ्याला तिरकी चिकटून. विझर्ड लांब उत्तरेला. ओगर सरळ उत्तरेकडे निघाला.

---

फोंड्याचा_रूल्सवकील

मग ऐका. अपॉर्च्युनिटी अटॅक होतो तो शत्रू रीचमधून बाहेर पडायच्या अगदी आधी. चाल सुरू होते तेव्हा नाही आणि संपल्यावरही नाही. ओगर २ बाय २ चौकोनांचा आहे, त्याचा एक जरी चौकोन रोगला लागून असेल तोवर तो रोगच्या रीचमध्येच आहे.

तुम्ही सांगितलंत तसं मी कागदावर काढून बघितलं. ओगर एक चौकोन उत्तरेला गेला, क्लेरिक सुटली, पण रोग अजून त्याच्या खालच्या ओळीला चिकटून आहे. आणखी एक चौकोन, आता रोग तिरका लागून, तरी रीचमध्येच. तिसऱ्या चौकोनाला पाऊल टाकणार तेव्हा तो सुटतो आणि त्याच्या अगदी आधी रोगचा अटॅक. त्या क्षणाला क्लेरिक दोन चौकोन मागे राहिलीय, मधे दुसरं कुणी नाही. म्हणजे फटका खरा, ८.५ वालं डॅमेज खरं, पण त्या फटक्यावर स्नीक अटॅक बसत नाही, रोगला कुठून तरी ॲडव्हांटेज असल्याशिवाय. म्हणजे नियमाच्या वादात रोग जिंकला आणि त्या तीन फाशांच्या वादात तुम्ही.

क्लेरिक जर रोगच्या बरोबर समोर, ओगरच्या पश्चिमेला वरच्या ओळीला असती तर ओगर त्या क्षणी दोघांनाही लागून राहिला असता आणि स्नीक अटॅक बसला असता. म्हणून बुचाच्या जागी २ बाय २ चा पुठ्ठा कापून ठेवा, मोठ्या प्राण्यांचे निम्मे वाद तिथेच मिटतात.

---

वाळपईची_क्लेरिक

नमस्कार, तीच क्लेरिक. लिंक आत्ता ग्रुपवर आली म्हणून वाचलं. म्हणजे ओगर पहिल्याच चौकोनाला माझ्या रीचमधून बाहेर पडला ना? मग माझा अपॉर्च्युनिटी अटॅक कुठे गेला? मला कुणी विचारलं पण नाही, सगळे तिकडे भांडत होते.

---

म्हापशाचा_डीएम

😅 रविवारी पहिला फासा तुझाच. रोगकडून तीन डी६ परत घेतो, तू मेस घेऊन ये.

---

वाळपईची_क्लेरिक

वॉरहॅमर आहे माझ्याकडे. दोन वर्षांपासून.

---

काजूबी_गॉब्लिन

माझा पण एक प्रश्न इथेच विचारतो, आमचा रोग धनुष्यवाला आहे. फायटरने शत्रूला धक्का देऊन पाडलं, प्रोन केलं, फायटर बाजूलाच उभा, मी लांबून बाण मारला तर डीएम म्हणतो स्नीक अटॅक नाही. का? फायटर ५ फुटांत आहे ना?

---

गणिताची_बाई

डीएम बरोबर आहे. प्रोन माणसावर ५ फुटांच्या आतून मारलं तर ॲडव्हांटेज, लांबून मारलं तर डिसॲडव्हांटेज. आणि डिसॲडव्हांटेज असला की साथीदारवाली वाट बंद, बाजूला दहा फायटर असले तरी. आडवा पडलेला शत्रू रेपियरवाल्याला गोड आणि धनुष्यवाल्याला कडू. तुमच्या फायटरला सांगा तुझ्या आधी मी मारतो, मग पाड.

सुटकेची एकच वाट म्हणजे कुठून तरी ॲडव्हांटेज आणायचा, उदाहरणार्थ आधी बोनस ॲक्शनने लपून. तेव्हा ॲडव्हांटेज आणि डिसॲडव्हांटेज एकमेकांना खाऊन टाकतात आणि एकच साधा फासा राहतो, तुमच्याकडे दोन्ही नाहीत असं धरतात. डिसॲडव्हांटेज उरला नाही, फायटर ५ फुटांत आहे, बसला स्नीक अटॅक. हे फार लोकांना माहीत नसतं, ते साधा फासा दिसला की सोडून देतात.

---

काजूबी_गॉब्लिन

देव बरें करूं! आणि आपल्या टर्नला न मारता रेडी ॲक्शन (अमुक घडलं की मारतो असं ठरवून थांबणं) घेऊन दुसऱ्याच्या टर्नला मारलं तर दोन होतील का?

---

फोंड्याचा_रूल्सवकील

नुसतं रेडी घेऊन नाही. आपल्या टर्नची ॲक्शन रेडीमध्ये गेली म्हणजे आपल्या टर्नला फटकाच नाही, मग एकूण एकच. वर ट्रिगर आलाच नाही तर तोही गेला. दोन शस्त्रांचा बोनस अटॅक पण नाही, कारण त्यासाठी आपल्या टर्नला अटॅक ॲक्शन घ्यावी लागते.

हेस्ट (वेग वाढवणारा स्पेल) असेल तर मात्र जमतं. हेस्टमुळे आपल्या टर्नला एक जादा ॲक्शन मिळते, तिच्यात अटॅक करायचा तर एकच वेपन अटॅक. तो फटका हेस्टच्या ॲक्शनने मारायचा, स्नीक अटॅक घ्यायचा, आणि आपली स्वतःची ॲक्शन रेडीला द्यायची, ‘ओगर हलला की मारतो’. ओगर हलला, रिअ‍ॅक्शन, दुसरा स्नीक अटॅक. ह्यात अपॉर्च्युनिटी अटॅकची वाट बघत बसायला नको, आणि लांबून धनुष्याने पण चालतं. नियमात पूर्ण बसतं. हेस्ट ३ऱ्या लेव्हलचा स्पेल, म्हणजे विझर्डला ५व्या लेव्हलला मिळू शकतो. @म्हापशाचा_डीएम हा परिच्छेद ग्रुपवर जाऊ देऊ नका.

विझर्डला कुणी टोला मारून कॉन्सन्ट्रेशन (स्पेल चालू ठेवणारं लक्ष) तोडलं की हेस्ट लगेच उतरतो आणि रोगला पुढच्या टर्नच्या शेवटापर्यंत ना हलता येतं ना ॲक्शन घेता येते. गॉब्लिनांच्या घोळक्यात तसा उभा राहिलेला रोग मी बघितलाय. डीएमला करायचंच असेल तर घरचा रूल कशाला, चार बाण विझर्डकडे वळवले की झालं. गॉब्लिन तर निंबल एस्केपने बोनस ॲक्शनमध्ये डिसएंगेज करतात, त्यांच्यावर अपॉर्च्युनिटी अटॅक लागतच नाही. ओगरची गोष्ट वेगळी, त्याची इंटेलिजन्स ५ आहे, तो रोगच्या नाकासमोरून चालतच जाणार आणि त्याने तसंच जावं.

---

पेडण्याचा_नवशिका

मी पॅलाडिन आहे, आत्ताच सुरू केलंय. मग माझा डिव्हाइन स्माइट पण असा दुसऱ्याच्या टर्नला चालतो का? आमच्या डीएमने हो म्हटलं आणि मोबाईलवर बघितलं तर नाही असं दिसतंय.

---

मडगांवकर_३पॉइंट५

तुमच्या डीएमकडे २०१४चं पुस्तक असणार आणि मोबाईलवर २०२४चं आलं असणार, दोघं आपापल्या जागी बरोबर. २०१४ मध्ये स्माइटला कसलीच ॲक्शन लागत नाही, मेली (जवळून मारायच्या) वेपनचा फटका लागला की स्पेल स्लॉट जाळायचा, पहिल्या लेव्हलच्या स्लॉटला २डी८, वरच्या प्रत्येक लेव्हलला एकेक डी८ जास्त, फार तर ५डी८, आणि अनडेड (भूतप्रेत) किंवा फीन्ड (सैतानी प्राणी) असेल तर आणखी एक डी८. त्यामुळे अपॉर्च्युनिटी अटॅकवर पण चालतो, एकाच टर्नला दोनदा पण चालतो, स्लॉट असेपर्यंत. २०२४ मध्ये तो बोनस ॲक्शनवाला स्पेल केलाय, आणि बोनस ॲक्शन फक्त स्वतःच्या टर्नला असते, म्हणून टर्नला एक आणि रिअ‍ॅक्शनवर बंद.

स्नीक अटॅक मात्र २०२४ मध्येही टर्नला एकदाच ठेवलाय, फक्त आता ‘टार्गेटचा शत्रू’ ऐवजी ‘तुमचा साथीदार’ ५ फुटांत लागतो, म्हणजे ओगरवर भुंकणारा कुठलातरी तिसराच लांडगा आता चालणार नाही. हे मी माझ्या टेबलवर लावत नाही तो भाग वेगळा.

---

पेडण्याचा_नवशिका

मग आम्ही काय करायचं? अर्धे २०१४ वाले आहेत, अर्धे २०२४.

---

गणिताची_बाई

चालतं, पण सेशन सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाच्या कॅरेक्टर शीटवर वर कोपऱ्यात लिहून ठेवा कुठल्या पुस्तकातला क्लास आहे ते, आणि मग तो क्लास पूर्ण त्याच पुस्तकातून. २०१४चा स्माइट आणि २०२४ची वेपन मास्टरी असं दोन्हीकडचं गोड गोड उचलायचं नाही. प्रोन, सरप्राइज, लपणं असल्या सगळ्यांना लागू होणाऱ्या गोष्टी डीएम म्हणेल त्या एकाच पुस्तकातून. सरप्राइजचं तर आधीच ठरवा, जुन्यात सरप्राइज झालेल्याची पहिली टर्न पूर्ण जाते, नव्यात फक्त इनिशिएटिव्हला (टर्नचा क्रम ठरवायच्या फाशाला) डिसॲडव्हांटेज मिळतो, आणि हा फरक ५व्या लेव्हलला एखादं कॅरेक्टर मारायला पुरतो.